दुपारची विहीर

आजचे शास्त्रवाचन: योहान ४:१-४२



आजचं मनन दापोलीजवळच्या मुरुडहून लिहितेय. घटस्फोटाची डिक्री हातात पडून या आठवड्यात एक वर्ष झालं. या वर्षात मी सकाळची मराठी उपासना सोडून संध्याकाळच्या इंग्रजी उपासनेला जायला लागले. आमच्या लग्नात जेवलेली मंडळी सकाळी असतात ना, म्हणून.

त्यामुळे शोमरोनी स्त्री भर दुपारी एकटी पाण्याला का आली, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. शास्त्र कारण देत नाही. पण घागर घेऊन अशा वेळी कोण निघतं?

तिचे पाच नवरे होऊन गेले, एवढंच आपल्याला लक्षात राहतं आणि उपदेशांत ती ‘पापी स्त्री’ होऊन जाते. पण अनुवाद २४ वाचा. तिथे सूटपत्र पुरुष लिहितो आणि बायकोच्या हातात देतो. त्या पाचांतले किती मेले, किती जणांनी तिला काढून टाकलं, योहान सांगत नाही. फार जुनी गोष्ट वाटते? आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यात २००१ ची दुरुस्ती येईपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे.

मला एका वडीलधाऱ्यांनी मलाखी २:१६ वाचून दाखवलं होतं. देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे, म्हणाले. खरंच आहे. पण तो अध्याय तारुण्यातल्या पत्नीशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांना उद्देशून आहे, हे मला खूप उशिरा कळलं. आणि यिर्मया ३:८ मध्ये तर देव स्वतःच म्हणतो की मी इस्राएलाला सूटपत्र दिलं. मोडलेल्या नात्याचं दुःख त्याला ऐकून माहीत नाही, आतून माहीत आहे. त्या वचनापाशी मी पहिल्यांदा रडले.

मी लग्न हलकं करत नाहीये. मार्क १० मध्ये प्रभूने जे म्हटलं ते कडक आहे, आणि ते मऊ करायचा अधिकार मला नाही. आमचं लग्न मोडण्यात माझाही वाटा आहे. विहिरीवर प्रभू काय करतो ते बघा: पाच झाले, आणि आता आहे तो नवरा नाही, हे तो तोंडावर सांगतो. काही लपवत नाही. पण ‘पुन्हा पाप करू नकोस’ हे वाक्य योहान ८ मधल्या स्त्रीसाठी आहे. हिला तो तेही म्हणत नाही. तू खरं बोललीस, म्हणतो. वर्षभर मला लोकांकडून एकतर निवाडा मिळाला, नाहीतर ‘जाऊ दे, विसर’. नुसतं खरं कुणी बोललंच नाही.

१८८३ साली लंडनमध्ये फुलहॅमच्या एका आश्रमात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांमध्ये उभ्या असलेल्या पंडिता रमाबाईंना एका सिस्टरने हाच अध्याय सांगितला. त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला ते त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे देवरुखची गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या गावाने, म्हणजे याच मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही, आणि ती विधवा होती, घटस्फोटित नव्हे. दोन्ही दुःखं एक करू नयेत. पण संपलेल्या लग्नानंतर पाय टेकायला तिला जी जागा मिळाली, ती विहिरीवरचं हे बोलणं मनावर घेतलेल्या एका बाईने उघडली होती. आज सकाळी समुद्रावरून परत येताना गावातल्या माडांखालून चालत होते, आणि हे सगळं डोक्यात होतं. इथली दारं त्या दोघांना बंद झाली होती. आज मुरुड म्हटलं की लोक कर्व्यांचं नाव घेतात.

वचन २८ मध्ये ती बाई घागर तिथेच ठेवते आणि गावात जाते. ज्यांना टाळण्यासाठी दुपारी आली, बहुतेक त्याच लोकांकडे!

प्रभू येशू, येत्या रविवारी सकाळच्या उपासनेला जायचं ठरवलंय. दारातच कुणीतरी ‘एकटीच आलीस?’ विचारेल. तेव्हा मला खरं बोलू दे. आमेन.