प्राणाची साक्ष कोणाची?

छांदोग्य उपनिषदांत इंद्रियांच्या कलहाची एक कथा आहे. वाणी, डोळा, कान आणि मन यांच्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडला. एकेकजण वर्षभर शरीर सोडून गेला, तरी शरीर जगत राहिलें. शेवटीं प्राण निघूं लागला. तेव्हां बांधलेला उमदा घोडा खुंट उपटून काढतो, तशीं बाकीचीं इंद्रियें जागचीं उखडूं लागलीं, आणि सर्वांनीं प्राणाचें श्रेष्ठत्व मान्य केलें. कथेनें आपलें समाधान होतें. पण प्राण निघाला हें बाहेरच्यानें ओळखावें कसें, हा प्रश्न उरतोच. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं व्यवहारापुरतें त्याचें उत्तर ठरविलें होतें. नाकाशीं सूत धरावयाचें, आणि वैद्यानें मनगट हातांत घ्यावयाचें. सूत हलेना व नाडी लागेना, म्हणजे माणूस गेला. या दोन साक्षींत शतकानुशतकें फरक पडला नाहीं. म्हणूनच ती साक्ष खरोखर कशाची, हें विचारण्याचा प्रसंगहि आला नाहीं.

या एकमताचें कारण शरीराच्या रचनेंतच आहे. हृदय एक दिसलें, तरी तीं एका भिंतीला लागून बांधलेलीं दोन घरें आहेत. उजवें घर शरीरांतून परतलेलें काळसर रक्त फुप्फुसांकडे लोटतें. तेथें कोट्यवधि वायुकोशांच्या तलम भिंतींपाशीं तें क्षणभर, पुरता एक सेकंदहि नव्हे, टेकतें. कर्बवायु टाकून प्राणवायु घेतें, आणि डाव्या घरांत येऊन तेथून सर्व शरीरभर जातें. स्वस्थ बसलेल्या माणसाचें सुमारें ५ लिटर रक्त दर मिनिटास ही फेरी करितें. मधल्या भिंतीला सूक्ष्म छिद्रें आहेत, असें गेलेनचें मत होतें. तेराव्या शतकांत इब्न अल्-नफीस यानें तें खोडून काढलें: उजवीकडून डावीकडे जावयास फुप्फुसांवांचून वाट नाहीं. आणखी एक मौज अशी, कीं एवढ्या रक्ताचें भांडार असूनहि हृदय आपल्या पोटांतल्या रक्तावर जगत नाहीं. महारोहिणीच्या आरंभींच फुटलेल्या शाखांतून, आणि तोहि मुख्यतः ठोका संपून स्नायु सैल पडतात तेव्हां, त्याला आपला वांटा मिळतो. फुप्फुसें थांबलीं, कीं थोड्याच मिनिटांत हृदय उपाशीं पडतें. हृदय थांबलें, कीं श्वासाची आज्ञा देणारा मेंदूचा बुंधा उपाशीं पडतो. असे हे साक्षी परस्परांविरुद्ध बोलणार कसे?

तथापि दोघांचे स्वभाव एक नव्हेत. ठोका हृदयाच्याच एका कोपऱ्यांत उत्पन्न होतो. शरीरापासून वेगळें केलेलें हृदयहि कांहीं वेळ स्पंदत राहतें. फुप्फुसांना स्वतःची चाल नाहीं. श्वासपटल आणि फासळ्यांमधले स्नायु ओढतील तेव्हां तीं फुगावयाचीं, आणि त्या स्नायूंना हुकूम मेंदूच्या बुंध्याकडून यावयाचा. म्हणजे ठोका घरचा आहे, श्वास मागवून आणलेला आहे. आणि जें मागवितां येतें, तें दुसराहि देऊं शकतो.

हा भेद प्रथम मोठा उपकारक ठरला. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची साथ आली. अनेक रोग्यांचीं हृदयें शाबूत होतीं, पण श्वासाचे स्नायु लुळे पडले होते. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनीं गळ्यांत नळी बसवून रबराची पिशवी हातानें दाबण्याची युक्ति योजिली, आणि सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले. दुसऱ्याच्या मुठींतला श्वास घेणारें मूल जिवंत आहे, याविषयीं कोणासहि शंका आली नाहीं. कारण त्याच्या डोळ्यांतून तें स्वतः पाहत होतें.

पुढें मुठीची जागा यंत्रानें घेतली, आणि ज्याच्या मेंदूचा बुंधा कायमचा नष्ट झाला आहे, अशा माणसालाहि तेंच यंत्र लागूं लागलें. छाती वरखालीं होते, मनगट उष्ण आहे, नाडी लागते. आणि डॉक्टर सांगतात, हा गेला. १९६७ च्या डिसेंबरांत केपटाउन येथें बर्नार्ड यांनीं हृदयाचें आरोपण केलें. १९६८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयत्न केला. भारतांत १९९४ च्या कायद्यानें मेंदूच्या बुंध्याचा मृत्यु हा मृत्यु मानिला, आणि त्यासाठीं चार वैद्यांचें मंडळ व निदान सहा तासांच्या अंतरानें दोन परीक्षा आवश्यक केल्या.

येथें एक शंका येते, व ती हलकी नाहीं. अवयव हवे होते म्हणून मृत्यूची व्याख्या सोयीची करून घेतली काय? व्याख्येचा आधार घेणाऱ्याची गरज एवढाच असेल, तर तिनें कितीहि जीव वांचोत, ती अधर्म्यच होय. एकाची गरज दुसऱ्याचा मरणकाळ ठरवूं शकत नाहीं. जगांत अवयव मागणारा एकहि रोगी नसता, तरी ही व्याख्या टिकली असती काय, हीच तिची कसोटी. माझ्या मतें ती टिकते. हृदय आणि फुप्फुसें यांचें सहकार्य ही जीविताची अट आहे, जीवित नव्हे. कोपनहेगनच्या मुलाचा श्वास परका होता, पण तो कोणासाठीं तरी चालला होता. येथें दोन्ही कामें चाललीं आहेत, मात्र तीं ज्याचीं होतीं तो परतणार नाहीं.

परंतु एवढें पटलें, म्हणून उशाशीं बसलेल्या आईला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास मिळत नाहीं. मुलाच्या उष्ण मनगटावर हात ठेवून ती ज्या साक्षीवर विश्वास ठेविते, त्या साक्षीवर तिच्या सर्व पूर्वजांनीं विश्वास ठेविला होता. तिला घाई करणें, किंवा संमतीचा कागद आधीं आणि समजावणें मागाहून, हा अपराध आहे. तिला सांगावयाचेंच असेल, तर त्या परीक्षेविषयीं सांगावें. बाकीच्या खुणा तपासून झाल्यावर डॉक्टर प्राणवायु पुरवीत ठेवून यंत्राचे श्वास कांहीं मिनिटें थांबवितात. रक्तांत कर्बवायु सांचूं लागतो. बुंध्यांत यत्किंचितहि जीव असेल, तर त्यानें या वेळीं श्वासाची आज्ञा द्यावी. सर्वजण छातीकडे पाहत उभे राहतात. आजीनें नाकाशीं धरलेलें सूत तें हेंच. वारा हलतो कीं नाहीं हें तिला पाहावयाचें नव्हतें. तो स्वतः श्वास घेतो कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें.