घरात जागा आहे काय?



नाताळ जवळ आला, की आपल्या ख्रिस्ती घरांतून एकच लगबग सुरू होते. भिंतींना रंग दिला जातो, पडदे धुतले जातात, माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि वर्षभर कोणी हात न लावलेली गाठोडी अंगणात उन्हाला येऊन बसतात. मी रायपूरला राहतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाचा मराठी माणसाशी संबंध आहे, आणि आमच्यासारखी काही मराठी ख्रिस्ती कुटुंबेही नोकरीच्या व सेवेच्या निमित्ताने येथे येऊन येथलीच झाली आहेत. शेजारच्या हिंदू घरांतून ही साफसफाई दिवाळीपूर्वीच उरकलेली असते. खेड्यांत त्या सुमारास भिंतींना पांढरी छुही माती लावतात. घर आवरणे हे असे सर्वांच्या परिचयाचे काम आहे. त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे आपणांस वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. एका प्रसंगाने माझे मत बदलले, तो येथे सांगतो. तो माझ्या मोठेपणाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एके सायंकाळी खेड्यातील एक परिचित गृहस्थ आमच्या दाराशी आले. छत्तीसगढी भाषांतराची पडताळणी करताना ते आमच्यासोबत बसत असत. त्यांच्यामुळे आमचे अनेक शब्द सुधारले होते. त्यांच्या पत्नीला तपासण्यांसाठी शहरातील रुग्णालयात आणले होते आणि अहवाल मिळायला दोन दिवस लागणार होते. तेवढ्या दोन रात्री आमच्याकडे राहता येईल का, असे त्यांनी फार संकोचाने विचारले. आमच्या घरात तीन खोल्या. तिसरी सामानाने भरलेली. मी म्हणालो, “भैया, घरात जागाच नाही हो.” त्यांनी वाईट वाटून घेतले नाही. पाणी प्याले, आमची विचारपूस केली आणि निघून गेले. त्या दोन्ही रात्री नवराबायकोंनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढल्या, हे मला मागाहून कळले.

दुसऱ्या दिवशी एक जुना शब्दकोश शोधण्यासाठी मी त्या तिसऱ्या खोलीचे दार उघडले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोन लोखंडी ट्रंका, मोडका कूलर, मुलांच्या शाळेची पुस्तके, लग्नात आहेर म्हणून आलेले आणि कधी न उघडलेले तीन डिनर सेट, आईची गाठोडी, आणि माझ्या जुन्या कच्च्या मसुद्यांचे गठ्ठे. त्यांना खालून वाळवी लागली होती. मी आदल्या दिवशी खोटे बोललो नव्हतो. जागा खरोखरच नव्हती. परंतु ती कोणाला दिली होती? एका आजारी बहिणीला जी जागा मिळाली नाही, ती मोडक्या कूलरला मिळाली होती, आणि हा निर्णय माझाच होता. मात्र तो घेतल्याचे मला कधी जाणवले नव्हते. अडगळीचे हेच वैशिष्ट्य आहे. ती कोणी ठरवून साठवत नाही. प्रत्येक वस्तूबाबत “असू द्या, कधीतरी लागेल” एवढेच आपण म्हणतो, आणि अशा शंभर लहान होकारांतून शेवटी माणसाला एक मोठा नकार दिला जातो.

भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा वेळी शास्त्रवचने टाळता येत नाहीत. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरीया व योसेफ यांना जागा मिळाली नाही, तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘काताल्युमा’ हा शब्द आहे. आपल्या मराठी भाषांतरात त्यासाठी ‘उतारशाळा’ हा शब्द आला, आणि लहानपणापासून आपल्या डोळ्यांपुढे एक भरलेली धर्मशाळा उभी राहिली. पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला ज्या पथिकाश्रमात नेले, त्याच्यासाठी लूक ‘पांदोखेइओन’ हा वेगळाच शब्द वापरतो. उलट, शेवटच्या भोजनासाठी प्रभूने शिष्यांना जी खोली विचारायला पाठवले (लूक २२), तिला तो पुन्हा ‘काताल्युमा’ म्हणतो. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे आहे, की बेथलेहेमात भरलेली होती ती एखाद्या घरातील पाहुण्यांची खोली. ती माणसांनी भरली होती, असे आपण समजू या. माझी खोली तर वस्तूंनी भरली होती. शब्दाचा हा अर्थ मला पूर्वीपासून माहीत होता, त्यावर मी एक टिपणही लिहिले होते, आणि ते टिपण त्याच खोलीतील गठ्ठ्यात होते!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वस्तू साठवणे हे पाप आहे काय? शास्त्र इतके सरळ उत्तर देत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान माणूस पीक आले म्हणून दोषी ठरत नाही. जागा पुरेना, तेव्हा त्याच्या मनात जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याखेरीज दुसरा विचार येत नाही, हा त्याचा दोष. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या त्या लहानशा स्वगतात ‘माझे’ हा शब्द चार वेळा येतो, आणि तो बोलतो तेही स्वतःशीच. हा भाग आम्ही एका खेड्यात वाचून दाखवला, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने प्रांजळपणे विचारले, “त्याच्या गावात छेरछेरा नसे काय?” छत्तीसगढात पौष पौर्णिमेला छेरछेरा हा सण असतो. नवे धान घरात आलेले असते. मुले आणि मोठी माणसेही टोपल्या व पिशव्या घेऊन दारोदार जातात, आणि प्रत्येक घराने आपल्या कोठीतील धान काढून द्यायचे असते. त्या दिवशी कोठी असणे ही लाजेची गोष्ट नसते. ती बंद ठेवणे ही असते. दाखल्यावरील कित्येक भाष्ये मी वाचली आहेत, परंतु इतका नेमका प्रश्न त्यांत मला आढळला नाही. कोठार केवढे, हे पाहण्याआधी त्याला बाहेर उघडणारे दार आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने याच दाखल्यावर प्रवचन करताना, आपल्या पेटीत पडून राहिलेले वस्त्र वास्तविक उघड्या माणसाचे आहे, अशा आशयाचा उपदेश केला होता. तो वाचून आपण बासिलची स्तुती करतो आणि पेटीला पुन्हा कुलूप लावतो.

तथापि साठवणीची दुसरी बाजूही शास्त्रात आहे. अरण्यातील मान्ना उद्यासाठी ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले. पण त्याच अध्यायात (निर्गम १६) एक ओमर मान्ना पुढील पिढ्यांच्या स्मरणासाठी पात्रात राखून ठेवण्याची आज्ञाही आहे. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभारले, ते मुलांनी विचारावे आणि वडिलांनी सांगावे म्हणून. पौलाजवळ तर फारसे काहीच नव्हते. तरी त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, घेऊन ये, असे त्याने तीमथ्याला कळवले. तेव्हा ख्रिस्ती माणसाचे घर रिकामे असलेच पाहिजे, असे नाही. भीतीने ठेवलेले आणि स्मरणासाठी ठेवलेले यांत भेद आहे. उद्या देव देईल की नाही या शंकेने ठेवलेल्या वस्तूंना अंत नसतो. देवाने काल काय दिले हे सांगण्यासाठी एक ओमर पुरतो.

या विचाराने पत्नीने व मी ती खोली रिकामी करावयास घेतली. सर्वांत कठीण होती ती आईची गाठोडी. अखेर तिचा एक पितळी डबा आम्ही ठेवला, आणि तो स्वयंपाकघरात वापरात आणला. बाकीचे देऊन टाकायचे ठरले, तेव्हा आणखी दोन प्रश्न उभे राहिले.

पहिला असा, की दान म्हणजे काय? फाटके स्वेटर आणि बंद पडलेले घड्याळ गरिबांना देऊन आपले मन हलके करणे फार सोपे आहे. मलाखी संदेष्ट्याने लंगडे व रोगी पशू वेदीवर आणणाऱ्यांना विचारले होते, की हे आपल्या सुभेदाराला देऊन पाहाल काय? जे आपण पाहुण्याच्या हाती देणार नाही, ते गरिबाच्या हाती देऊ नये. ते येथे ज्याला कबाडी म्हणतात, त्या भंगारवाल्याकडे जावे. आणि तेथेही माणसेच आहेत, हे विसरू नये. आमच्याच राज्यातील अंबिकापूर शहरात २०१५ पासून बचत गटांतील स्त्रिया घरोघरचा कचरा गोळा करून हाताने निवडतात. २०१९ मध्ये तेथे एक किलो प्लास्टिकच्या बदल्यात जेवण देणारे उपाहारगृहही सुरू झाले. आपण ‘टाकून दिले’ म्हणतो, तेव्हा ती वस्तू नाहीशी होत नाही. ती कोणा बहिणीच्या हाती जाते. ओले-सुके वेगळे करून, काच कागदात गुंडाळून देणे हा या बाबतीत शेजारधर्मच आहे.

दुसरा प्रश्न: त्याग कोणाच्या वस्तूंचा? रेव्हरंड टिळकांचा देता हात आणि त्यापायी पुनःपुन्हा रिकामा होणारा संसार सावरणाऱ्या लक्ष्मीबाई यांचे चित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना परिचित आहे. टिळकांच्या वैराग्याबद्दल मला आदर आहे. पण त्या वैराग्याची किंमत घरात दुसऱ्या कोणीतरीही मोजली, हे नाकारता येत नाही. मीही प्रथम पत्नीची शिवणाची पेटी आणि मुलांची खेळणी बाहेर काढली होती. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अहो, आधी तुमचे गठ्ठे काढा, मग माझ्या पेटीकडे या.” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्याच्या वस्तूंचा त्याग करण्यात कसलेही पुण्य नाही.

टिळकांवरून दुसरी एक गोष्ट आठवते, आणि ती आमच्याच वाटेवरची आहे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला जात होते. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे मराठी मंडळीला तिची गाणी मिळाली. ते पुस्तक त्या प्रवाशाच्या सामानातच राहिले असते, तर ते काही चुकीच्या जागी राहिले असे कोणी म्हटले नसते. माझ्या कपाटात नव्या कराराच्या अकरा प्रती होत्या. त्यांपैकी नऊ मी दिल्या.

खोली रिकामी झाली. आम्ही तिला रंग दिला, नवे पडदे लावले, एक चांगला गालिचा अंथरला. येणारे-जाणारे कौतुक करू लागले. पुढे महिनाभराने मंडळीतील एका मुलाने परीक्षेपुरते आठवडाभर राहण्याविषयी विचारले, आणि वाचकहो, माझ्या मनात पहिला विचार आला तो गालिच्याचा! त्याला मी नाही म्हणालो नाही. पण तो विचार आला, हे लपवण्यात अर्थ नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू ज्या घराविषयी बोलतो, ते झाडलेले व सुशोभित केलेले आहे. त्या ‘सुशोभित’साठी जे ग्रीक क्रियापद आहे, ते ‘कोस्मोस’ या शब्दाशी जोडलेले आहे. ‘कोस्मोस’ म्हणजे सुव्यवस्था, अलंकार आणि जगसुद्धा. त्या घरात उणीव एकच: ते रिकामे आहे, आणि म्हणून पहिल्यापेक्षा वाईट रहिवासी तेथे येतात. अडगळीने भरलेले घर पाहुण्याला बाहेर ठेवते, तसेच फार जपलेले सुंदर घरही ठेवते. पहिल्याला जागा नसते आणि दुसऱ्याला डाग चालत नाही.

घर आवरण्याच्या कलेवर आज पुष्कळ लिहिले जाते. जपानच्या मारी कोंडो या बाईंचे २०११ मधील पुस्तक जगभर गाजले. वस्तू हातात घ्यावी, तिने आनंद होतो का ते पाहावे, होत नसेल तर तिला निरोप द्यावा, असे त्या सांगतात. सल्ला उपयोगी आहे. पुढे २०२३ मध्ये त्यांनीच मोकळेपणाने सांगितले, की तिसऱ्या मुलानंतर आपले घर पूर्वीइतके नीटनेटके राहत नाही. हे वाचून मला त्यांच्याविषयी अधिक आपुलकी वाटली. परंतु त्यांच्या प्रश्नाला आपण आणखी एक प्रश्न जोडला पाहिजे: या वस्तूमुळे कोणाची जागा अडली आहे? शूनेम येथील स्त्रीने अलीशासाठी माडीवर खोली बांधली, तेव्हा तिच्यात चारच वस्तू ठेवल्या: पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा (२ राजे ४). थकून आलेल्या माणसाला काय लागेल, याचा विचार करून ती खोली सजवली होती. ख्रिस्ती गृहसजावटीचे याहून चांगले माप मला ठाऊक नाही.

त्या गृहस्थांची पत्नी पुढच्याच वर्षी देवाघरी गेली. तिला देता आली असती ती खोली आता मी तिला देऊ शकत नाही, आणि कितीही आवराआवर केली तरी ते ऋण फिटणार नाही. ते स्वतः मात्र अजून येतात. गालिचा आम्ही काढून टाकला आहे. पलंग असूनही ते जमिनीवर चटई टाकून निजतात, आणि सकाळी ती नीट गुंडाळून भिंतीशी उभी करून ठेवतात.

या नाताळात आपण घर आवराल, भिंती रंगवाल, दारात तारा टांगाल. ते अवश्य करा. मात्र शेवटचे गाठोडे पुन्हा माळ्यावर चढवण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारा, की आज सायंकाळी कोणी दाराशी आले आणि जागा आहे काय म्हणून विचारले, तर मी काय उत्तर देईन?