मळवलीचा दगड, फाळक्यांच्या आगकाड्या

लोणावळ्यात संग्रहालय म्हटलं की आज पर्यटकांच्या डोळ्यांपुढे मेणाचे पुतळे येतात. नट, क्रिकेटपटू, पुढारी एका छताखाली उभे. खांद्याला खांदा लावून फोटो काढला की भेट संपली. त्यात वाईट काही नाही, बाहेर पाऊस कोसळत असताना तासभर बरा जातो. पण आपल्याकडची कलावंतांची स्मारकंही बहुतेक याच घाटणीची असतात. मेणाऐवजी ब्राँझ, आणि पुतळ्याभोवती चष्मा, काठी, मानपत्रं, एखादा कोट. गायकाच्या स्मारकात निदान त्याची ध्वनिमुद्रिका लावता येते, चित्रकाराचं चित्र टांगता येतं. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याचं काय टांगणार? त्याच्या कामातली सुटी फ्रेम पाहिली तर तिच्यात काहीच घडत नसतं. फ्रेमवर काय आहे यापेक्षा दोन फ्रेमींच्या मधे काय घडतं ते महत्त्वाचं, अशा अर्थाचं अ‍ॅनिमेशनपटकार नॉर्मन मॅक्लॅरेन म्हणत असे. ही मधली जागा काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की भारतात अ‍ॅनिमेशनचा पहिला पाट मांडणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचं संग्रहालय करायचंच असेल तर ते त्यांच्या आयुष्याचं न करता त्यांच्या हातकामाचं करावं, आणि ते मावळात करावं.

मावळात का, हे आधी सांगायला हवं. फाळके म्हटलं की त्र्यंबकेश्वर, नाशिक, दादर आणि गिरगावचं कोरोनेशन थिएटर आठवतं. लोणावळ्याला चरित्रकार दोन ओळींत उरकतात. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर घेऊन. प्लेगनं मुंबईची दैना केली, तेव्हा शतक संपता संपता तो लोणावळ्याच्या पुढच्या स्टेशनावर, मळवलीला आला, आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. घरोघरच्या भिंतींवर चढलेल्या कितीतरी लक्ष्मी आणि सरस्वती या मळवलीच्या. फाळके तोवर मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन करून, गोध्र्यात छायाचित्रणाचा धंदा थाटून, त्याच प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गमावून पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत शिरले होते. स्वदेशीच्या दिवसांत ती नोकरी त्यांनी सोडली आणि लोणावळ्यात ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढलं. मुख्य काम रविवर्मा छापखान्यासाठी फोटो-लिथोचं. पुढे हा उद्योग दादरला गेला, नव्या भागीदारीत त्याचं ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झालं आणि रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्यात स्वदेशी उद्योगांसाठी लोकवर्गणीतून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. म्हणजे आज ज्या पट्ट्याला आपण बंगले, धबधबे आणि चिक्की यांचा पट्टा समजतो, तो तेव्हा धडपड्या लोकांची कार्यशाळा होता. फाळक्यांच्या लोणावळ्याकडे मुक्कामाचं गाव म्हणून न पाहता शिक्षणाचं गाव म्हणून पाहिलं, तर पुढचं बरंच काही उलगडतं.

त्यासाठी रंगीत शिळाछाप, म्हणजेच लिथोग्राफी, कशी होते ते जरा जवळून पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर आहे. बव्हेरियातून आलेला चुनखडीचा दगड घासून आरशासारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं आकृती उतरवायची, मग पाणी फिरवायचं आणि छपाईची शाई लावायची. ओल्या दगडावर शाई धरत नाही, तेलकट रेघेवर तेवढी धरते. पण एका दगडाला रंग एकच. साडीच्या हिरव्याला एक दगड, काठाच्या सोनेरीला दुसरा, गालावरच्या गुलाबीला तिसरा. एका चित्राला दहा-बारा दगड लागणं नवलाचं नसे. प्रत्येक दगडाच्या कडेला बारीक फुल्या असतात. तोच कागद पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या दगडांवर जातो आणि दर खेपेला त्या फुल्या फुल्यांवर बसाव्या लागतात. छापखान्यात याला रजिस्टर जुळणं म्हणतात. ते केसभर हुकलं की ओठांची लाली हनुवटीवर उतरते आणि देवी वेडसर दिसू लागते. त्यात कागद ओल धरून फुगतो, वाळला की आकसतो. वर्षातले चार महिने ढगात बुडालेल्या मावळात हे रजिस्टर सांभाळताना कारागिरांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना छापखान्यात वावरलेल्या कुणालाही येईल. आता अ‍ॅनिमेशनकडे पाहा. तेच चित्र पुन्हा पुन्हा, दर खेपेला किंचित बदललेलं, पण जागा तीच; कागद खुंट्यांवर बसवायचे ते एवढ्याचसाठी. जागा हलली तर पात्र चालत नाही, थरथरतं. छापखान्यात हे थर एका कागदावर एकावर एक बसतात, फिल्मवर ते एकापाठोपाठ एक पसरतात. बाकी शिस्त तीच, आणि निकाल शेवटपर्यंत दिसत नाही हा जाचही तोच.

हे साम्य मी ओढूनताणून आणतोय, असं कुणी म्हणेल. फाळक्यांनी कुठे तसं म्हटलंय का, असंही विचारेल. हा माझा तर्कच आहे, पण तो एकट्या फाळक्यांवर उभा नाही. फ्रान्समध्ये १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ करणारा एमील कोल वृत्तपत्रांचा व्यंगचित्रकार होता. अमेरिकेत १९१४ मध्ये गर्टी नावाचा डायनोसॉर नाचवणारा विन्सर मॅके रविवारच्या पुरवण्यांतल्या रंगीत चित्रमालांवर पोसलेला. अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या पिढीतले हे लोक नाटकाच्या रंगमंचावरून न येता छापील कागदावरून आले. फाळक्यांकडे जादूचे प्रयोगही होते, ‘प्रोफेसर केल्फा’ या उलट्या नावानं त्यांनी ते केले, आणि त्यांच्या चमत्कारपटांचं सगळं श्रेय सहसा त्या जादूलाच दिलं जातं. पण जादूगाराचा हात क्षणात काम उरकतो. महिनाभर एका कुंडीपुढे कॅमेरा मांडून बसण्याची तयारी त्यातून येत नाही.

ती कुंडी वाटाण्याची. लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके १९१२ मध्ये परतले, तेव्हा चित्रपटाला पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतरानं फ्रेमी टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वेल चढला. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेमी धरला तर एका मिनिटाला ९६० फ्रेमी होतात. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, त्याच्या भांडवलाची वाट या मिनिटानं मोकळी केली. काटेकोर बोलायचं तर हे अजून अ‍ॅनिमेशन नव्हतं. हालचाल निसर्गाची होती, फाळक्यांनी फक्त मधला वेळ गाळला होता. तीन वर्षांनी त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. महायुद्धामुळे परदेशातून येणारी कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती, मोठ्या पौराणिक पटाला पुरेल एवढी ती नव्हती, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट आला. आता वेल आपोआप वाढत नव्हता. काडी माणसाच्या बोटानं सरकत होती, बोट फ्रेमबाहेर जात होतं, एक फ्रेम टिपली जात होती. जिवंत वस्तूचा वेळ चोरण्यापासून निर्जीव वस्तूला वेळ बहाल करण्यापर्यंतची ही मजल आहे, आणि माझ्या मते फाळक्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत नवी गोष्ट आहे, हरिश्चंद्राहूनही. (गंमत अशी, की त्या काळी आगकाड्याही बहुतांश स्वीडन-जपानहून येत. स्वदेशीच्या पोटी निघालेल्या या पटात फिल्म परदेशी, कॅमेरा परदेशी आणि नटही परदेशी.)

यावर पहिली हरकत ठरलेली. कोलनं आगकाड्यांचा खेळ १९०८ मध्येच पडद्यावर आणला होता, मग फाळके कसले आद्य? शिवाय फाळक्यांचा तो पट आज उपलब्ध नाही. न पाहिलेल्या कृतीवर संग्रहालय कसं उभारायचं? खरा मान द्यायचा तर १९३४ मध्ये प्रभातसाठी ‘जंबुकाका’ करणाऱ्या रघुनाथ केळकरांना द्यावा, किंवा १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेच्या क्लेअर वीक्सकडून धडे घेऊन आयुष्यभर हेच काम करणाऱ्या राम मोहन यांना. ही हरकत वजनदार आहे. फाळक्यांच्या ढीगभर कामात अ‍ॅनिमेशन चिमूटभर, हेही मान्य. पण कोलचा पट पाहून तसा खेळ इथे करायचा तर कोलची युक्ती ऐकून भागत नाही. फ्रेमवार टिपणारा कॅमेरा, न हलणारा पाट, फिल्म धुण्याचा अंदाज आणि सबुरी हे सगळं इथल्या इथे जमवावं लागतं. केळकर किंवा राम मोहन यांच्यामागे संस्था होती, पगारी माणसं होती. फाळक्यांच्या घरात फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करत, रसायनं त्याच कालवत आणि झाडून साऱ्या चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. हे काम कसं होतं, हे दाखवण्यासाठी मूळ पट हाती असायलाच हवा असं नाही.

उलट मूळ पट नाही ही अडचण इथे फायद्याची ठरू शकते. तो असता तर आपण तो एका पडद्यावर गोल गोल फिरवत ठेवला असता आणि प्रेक्षक दहा सेकंद थबकून पुढे गेले असते. मळवलीचा छापखानाही १९७२ च्या आगीत गेला, तेव्हा अवशेषांच्या जोरावर संग्रहालय उभारण्याचा मोह आपोआप टळतो. मग खोटे अवशेष करायचे का? मुळीच नाही. ‘आगकाड्यांची मौज’ नव्यानं चित्रित करून ती फाळक्यांची म्हणून खपवणं ही लबाडी होईल. पण लिथोचा दगड आजही घासता येतो, फुल्या आजही जुळवता येतात, आणि टेबल, कॅमेरा व काड्यांची पेटी एवढ्यावर अ‍ॅनिमेशन आजही होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ने कुटुंब संग्रहालयात मल्टिप्लेन कॅमेरा ठेवलाय. थरांवर थर रचलेलं ते अवजार पाहिलं की डिस्नेपटांतल्या जंगलाची खोली कुठून आली ते कळतं. तोक्योजवळ मिताकाला अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक मियाझाकी यांनी बांधलेल्या जिब्ली संग्रहालयात बाहुल्यांची फिरती चकती आहे. ती थांबली की सुट्या बाहुल्या, फिरू लागली की नाच. आत फोटो काढायला मनाई. लोणावळ्याच्या संदर्भात हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण फोटोबंदीनं आपल्या मेणाच्या पुतळ्यांचा व्यवसाय एका दिवसात बसेल. आणि फाळक्यांची यातली इच्छा काय असती, हे ताडण्यासाठी आधार आहे. १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा पट केला. त्याचे तुकडे उरलेत आणि त्यांत ते स्वतः काम करताना दिसतात. ज्यानं आपली युक्ती झाकून ठेवण्याऐवजी पडद्यावर मांडली, त्याच्या स्मारकात नुसता चष्मा ठेवणं विसंगत आहे.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, मुंबईत गुलशन महालात भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुनी रिळं जपतंय. चौथं कशाला, हा प्रश्न पैशाचा हिशेब ठेवणारे विचारतीलच. मी त्याला आणखी एक इमारत म्हणतच नाहीये. दोन मोठ्या खोल्या, एक दगडी प्रेस आणि आठ-दहा टेबलं पुरतील. नाशिक आणि पुण्याला जे जपायचंय ते त्यांनी जपावं, इथे शिकवावं. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. नवख्या मुलाला एक काडी सरकवून एक फ्रेम टिपायला मिनिटभर लागतं असं धरा. तासाभरात साठ फ्रेमी, म्हणजे पडद्यावर जेमतेम चार सेकंद. लोणावळ्याची शालेय सहल एका दिवसात कार्ले, भाजे, धरण, मेणाचे पुतळे आणि चिक्कीचं दुकान उरकते. त्या वेळापत्रकात चार सेकंदांसाठी एक तास मागायचा तर आधी शाळांना आणि पालकांना पटवावं लागेल, आणि हे काम दोन खोल्या बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.