गवताची काडी आणि उत्तरेचा गर्भ



महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याची कथा आहे. पांडव समोर येऊन ठाकलेले पाहताच त्याने जवळची एक गवताची काडी उचलली आणि मंत्राने तिचे अस्त्र केले. सोडलेले अस्त्र त्याला परत घेता येईना. तेव्हा त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर लोटले. भगवंताने उत्तरेच्या गर्भाचे रक्षण केले, एवढे आपण श्रद्धेने ऐकतो. परंतु ज्या वस्तूने गर्भावर घाला घातला ती एक क्षुद्र काडी होती, इकडे आपले लक्ष जात नाही.

७ सप्टेंबर २०२५ रोजी खग्रास चंद्रग्रहण होते. त्यापूर्वी माझ्या वडिलांकडे अनेक घरांतून विचारणा झाली. गर्भवती सुनेने भाजी चिरावी काय? सुई हाती घ्यावी काय? काळजी खरी होती, तिला हसण्याचे कारण नाही. परंतु ग्रहणाच्या छायेने गर्भास व्यंग येते असे आजवर कोठेही सिद्ध झालेले नाही. वेध पाळण्यातही पंचांगकर्ते गर्भवतीस सवलत देतात, तेव्हा तिला तासन् तास अन्नपाण्यावाचून ठेवणे योग्य नव्हे. मात्र विचारणाऱ्यांपैकी एकानेही मिश्रीविषयी प्रश्न केला नाही, ही खंत मला तेव्हापासून लागून राहिली आहे.

आपल्यापैकी अनेकांची घराणी मराठवाड्यातून भागानगरात आली. देव्हाऱ्यातील टाकांबरोबर काही घरांत मिश्रीची डबीही आली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटावी आणि दातांना लावावी, यात पाप ते काय, असे आजीबाईंस वाटते. मळमळ थांबावी म्हणून गर्भवतीसही ती दिली जाते. परंतु भाजल्याने तंबाखूचे विष जात नाही. त्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते, वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे बालकास पोषण व प्राणवायू कमी पडतो. मूल वजनाने हलके किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कधी मृतही जन्मते. ही चिमूटभर मिश्री म्हणजे आपल्या घरातील गवताची काडी होय.

पतीच्या विडीसिगारेटचा धूर हीही तशीच काडी. मद्याचे तर गर्भावस्थेत कोणतेच प्रमाण निर्धोक मानलेले नाही. काही स्वस्त शेंदरात आणि सुरम्यात शिसे असते. ते गर्भाच्या मेंदूस बाधते. हळदीपासून केलेले शुद्ध कुंकू लावण्यास हरकत नाही. औषधाची गोळीही मनाने घेऊ नये. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड नावाचे औषध निर्धोक म्हणून विक्रीस आले. गर्भवतींनी ते झोपेसाठी व मळमळीसाठी घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते तेथे मागे घेतले जाईपर्यंत जगभर हजारो बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. मात्र अपस्मारासारख्या विकारावर चालू असलेले औषध एकाएकी सोडणेही घातक आहे. जे करावयाचे ते वैद्यकीय सल्ल्यानेच करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो. परंतु हृदय, मेंदूची बैठक, हातपाय यांची घडण पहिल्या दोनतीन महिन्यांतच होते. दिवस गेल्याचे पुष्कळदा स्त्रीस ठाऊकही नसते, तोच हे काम सुरू झालेले असते. म्हणून सावधगिरी ओटी भरण्याच्या दिवसापासून नव्हे, अपत्याची इच्छा धरल्या दिवसापासून हवी.

हा विचार परका नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा घात करणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि नित्य मद्य पिणाऱ्या स्त्रीचे अपत्य अल्पस्मृती होते असेही म्हटले आहे. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न सांडता न्यावे, तसे गर्भिणीस जपावे, असा त्या ग्रंथाचा उपदेश आहे.

ते पात्र वाहण्याचे काम एकट्या तिचे नव्हे. व्यंग घेऊन मूल जन्मले की बोट मातेकडे वळते. वास्तविक अशा पुष्कळ बालकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. महाभारतात उत्तरेस कोणी दोष दिलेला नाही. ती रक्षणासाठी धावली आणि रक्षण करणारा उभा राहिला. आपल्या घरातील उत्तरा कोणाकडे धावणार? सासूबाईंनी प्रथम आपली मिश्री सोडावी, पतीने विडी सोडावी, आणि मग सुनेस उपदेश करावा. आम्हा पुरोहितांच्या घरांनीही होमाच्या व धूपाच्या धुरात गर्भवतीस पुढे बसवू नये. तिला मोकळ्या हवेत आसन द्यावे. त्याने पुण्य तिळभरही उणे होत नाही.

भागवतात म्हटले आहे की, गर्भात ज्याने आपणास राखले त्याचे ध्यान करीत तो बालक प्रत्येक माणसास न्याहाळू लागला, म्हणून त्यास परीक्षित हे नाव पडले. आपल्या घरी येणारे बालकही असेच प्रत्येकाचे मुख न्याहाळील. त्या वेळी आपणास दृष्टी खाली वळवावी लागू नये, एवढीच प्रभुचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.