अण्णांची अहिंसा आणि मामांची मच्छरदाणी

उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी माजली, की पुण्यात नदीकाठच्या लोकांचा अध्यात्माकडचा ओढा एकदम कमी होतो. एरवी ‘मुंगीलासुद्धा दुखवू नये’ म्हणणारी माणसं तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून हातात ती विजेची रॅकेट घेऊन बसतात. ‘चट्’ असा आवाज झाला, की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते मी आरतीच्या वेळीही पाहिलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा मात्र या पंथातले नव्हेत. अण्णा डास मारत नाहीत, हाकलतात. कापूर, कडुनिंबाचं तेल, अंगाला लावायचं मलम, खिडक्यांना जाळी, सगळं शिस्तीत.

‘‘अहो, त्याचा जीव त्याला प्यारा. आपण फक्त बाहेरचा रस्ता दाखवायचा,’’ ते म्हणतात.

‘‘पण अण्णा, तो रस्ता जातो कुठे?’’

‘‘ते त्याचं त्यानं बघावं!’’

माझं घोडं नेमकं इथेच अडतं. चावतो तो डास नसतो, डाशीण असते. नर बिचारा फुलाफळांच्या रसावर गुजराण करतो. (हे वाक्य सौ.ला वाचून दाखवलं तेव्हा ती नुसतं ‘हं’ म्हणाली.) मादीला अंडी घालण्यासाठी रक्त लागतं. तुमच्या मलमाचा वास आला म्हणून ती काही एकादशी धरत नाही. शेजारचं पान बघते. एकाच पलंगावर नवऱ्यानं मलम लावलं आणि बायको विसरली, तर अहिंसा नवऱ्याच्या नावावर जमा आणि खाज बायकोच्या.

हा हिशेब फार जुना आहे. १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेच्या प्रवासाला निघाला होता. त्यानं लिहून ठेवलंय, की तिथे भूतदयेपोटी ढेकूण-पिसवांचीही सोय केलेली होती. त्यांची उपासमार होऊ नये म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर त्यांच्यात निजवत. म्हणजे पुण्य शेटजींचं, रक्त भाड्याचं! विज्ञानाची रीतही फार वेगळी नव्हती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. ते डास आधी हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाववले होते, दर डासामागे एक आणा देऊन. रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानाचे आणे निदान रोख तरी होते.

आमच्या मामांना तेवढंही नाही. मामा म्हणजे सोसायटीचे रखवालदार. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, सोळाही घरांना जाळ्या. सोळा घरांनी सन्मानानं परत पाठवलेले डास रात्री जिन्याखालच्या एका खुर्चीवर मुक्कामाला येतात. मागल्या पावसाळ्यात मामांना डेंग्यू झाला. आठवडाभर ते खोलीत कण्हत होते, आणि उठल्यावरही पाणी भरलेली बादली उचलताना बसून घेत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, बहुधा दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. फुलदाणी, मनी प्लँटची बाटली, कूलरची टाकी ही त्याची बाळंतपणाची ठिकाणं. मामांच्या खोलीत यातलं काहीही नाही. तो डास कुठल्या मजल्यावर जन्मला असेल, याची चर्चा मात्र सोसायटीत कुणी काढली नाही.

मी सभेत ठराव मांडला, की मामांना सोसायटीच्या खर्चानं एक मच्छरदाणी द्यावी. खर्चाला कुणाची हरकत नव्हती. पण सेक्रेटरींनी चष्मा काढला.

‘‘मच्छरदाणी म्हणजे झोपण्याची वस्तू. ती दिली म्हणजे रखवालदार रात्री झोपतो, हे सोसायटीनं लेखी मान्य केल्यासारखं होईल.’’

‘‘झोपत नसेल, तर तिचा उपयोग काय?’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘आणि झोपत असेल, तर त्याचा उपयोग काय?’’ दुसऱ्यानं पुरवणी जोडली.

जागं राहून चावून घ्यावं ही मामांच्या नोकरीची अट आहे, असं उघड कुणी म्हणालं नाही. ठराव पुढच्या सभेवर गेला. खुर्चीजवळ पंखा लावा, जिन्याखाली जाळीचं दार बसवा, असं मी म्हणेपर्यंत चहा आला होता.

मामांनी ठरावाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच रात्री त्यांनी फुटक्या घमेल्यात नारळाच्या शेंड्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवला. धूर जिन्यातून वर चढला, धुरापुढे डास पळाले, आणि दार उघडं मिळालं ते नेमकं पहिल्या मजल्यावर अण्णांचं.

अण्णांनी सकाळी लेखी तक्रार दिली, ‘आपल्याकडचे डास दुसऱ्याच्या घरात हाकलणे हे सभ्य माणसाला शोभत नाही.’ येत्या रविवारच्या सभेत हा विषय क्रमांक एकवर आहे. मच्छरदाणी नवव्या क्रमांकावर आहे, पार्किंगच्या खाली.