फिटरचा विनोद आणि अपघाताची वही

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरायचं. अख्खी तर्जनी गेली तर १४, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं, तर त्याचाही आकडा वेगळा. भरपाई ठरवायला असं काही माप लागतंच, कायद्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण पिथमपूरच्या प्रेसशॉपमध्ये किंवा इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात ज्याचे हात रोज यंत्राच्या पोटात जातात, त्याने हे कोष्टक कधी पाहिलेलं नसलं तरी आपल्या हातांचा असा हिशेब होतो हे त्याला पुरतं ठाऊक असतं. मेंटेनन्सवाल्यांचा काळाकुट्ट विनोद इथूनच उगवतो. बाहेरच्याला तो निर्ढावलेपणा वाटतो. माझ्या मते त्यात बहुतेक वेळा धोक्याची पक्की खबर असते, आणि ती कारखान्याच्या कुठल्याच वहीत सापडत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना जाळी-कठडे सक्तीचे केले. फिटरचं काम मात्र ती जाळी उतरवल्यावरच सुरू होतं. पट्टा कुठे सरकतोय ते कन्व्हेयर चालू असतानाच दिसतं. स्विच बंद केला तरी हायड्रॉलिक लाइनमध्ये दाब उरतो, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, वर अडकलेला रॅम खाली येऊ शकतो. त्यात ब्रेकडाऊन म्हणजे उत्पादन ठप्प, आणि ‘और कितना टाइम?’ हा तगादा डोक्यावर. अशा ठिकाणी, समजा, एखादा जुना फिटर नव्या हेल्परला प्रेस दाखवून म्हणाला, ‘इससे संभलके, ये एक बार में दो निवाले खाती है.’ सगळे हसतील. पण त्या एका वाक्यात काय काय आहे पाहा: क्लच झिजलाय, प्रेस आपोआप दुसरा ठोका मारते, आणि हे दुरुस्त होणार नाही असं सगळ्यांनी धरून चाललंय.

फ्रॉइडने विनोदावरच्या १९२७ च्या निबंधात सोमवारी फाशी जाणाऱ्या कैद्याचं उदाहरण दिलं होतं. आठवड्याची सुरुवात छान झाली, असं तो म्हणतो. नाझी अंमलाखालच्या चेक लोकांच्या विनोदावर समाजशास्त्रज्ञ ओब्रड्लिक यांनी १९४२ मध्ये लिहिलं आणि त्यात त्यांना प्रतिकाराचं बळ दिसलं. दोन्ही खरं, पण फिटरला ते पुरत नाही. कैद्याची फाशी टळणारी नसते. प्रेसचा क्लच बदलता येतो.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. हसून हसून भीती बोथट होते, आणि सेफ्टी बेल्ट मागणारा पोरगा ‘डरपोक’ ठरतो. हे घडतं, आणि त्याने माणसं मरतात. म्हणून विनोदाचा रोख कुणावर आहे ते पाहिलं पाहिजे. यंत्राची खोड सांगणारा विनोद नव्याला सावध करतो. थांबायला सांगणाऱ्याची टर उडवणारा विनोद त्याचं तोंड बंद करतो. दुसऱ्या प्रकाराला शॉपमध्ये थारा देऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र सरसकट बंदी घातली तर पहिला प्रकार आधी जाईल, कारण तो वरच्यांना जास्त टोचतो.

विनोदाला पुरावा कसा मानायचा, असंही कुणी विचारील. पुरावा नकोच मानायला. कुठे पाहायचं एवढं कळलं तरी पुष्कळ. कारखाना कायद्याखाली कळवायचा अपघात म्हणजे मुख्यतः मृत्यू, किंवा ४८ तास वा अधिक काळ काम बंद पाडणारी इजा, असं होतं. पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर आलेला माणूस, थोडक्यात हुकलेला ठोका, हे त्यात येत नसत. मध्य प्रदेशाला याची किंमत सांगायला नको. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये देखभालीचं काम करताना फॉस्जीनने एक कामगार दगावला. १९८२ मध्ये तिथल्या कामगार संघटनेने धोक्याचा इशारा देणारी पोस्टर्स लावली. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री तिथली शीतकरण यंत्रणा बंदच होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता, आणि रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचं पदच रद्द झालेलं होतं. उघड सांगूनही कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणसं विनोदातून बोलतात. ठेकेदाराच्या माणसाला तर तेवढीच वाट उरते, कारण तक्रार केली की उद्या गेटपास मिळेलच असं नाही.

तेव्हा पाळी बदलताना पाच मिनिटं काढून, सध्या कुठल्या यंत्रावर हसणं चाललंय हे सुपरवायझरने विचारावं आणि ते नाव कुणी घेतलं याची नोंद ठेवू नये. त्या यंत्राच्या मेन स्विचला फिटरने स्वतःचं कुलूप लावावं. किल्ली त्याच्याच खिशात राहावी, आणि काम संपल्याचं त्याने स्वतः सांगेपर्यंत मॅनेजरलाही ती मागता येऊ नये.