गालिच्याखालची फळी

(यहेज्केल १३ : १०-१६)



वर दिलेल्या भागांत यहेज्केल संदेष्टा एका भिंतीविषयीं सांगतो. भिंत कच्ची होती, पण तिजवर चुना फांसून लोकांनीं ती धड आहे असें दाखविलें. मग वादळ आलें, आणि चुन्यासकट भिंत कोसळून तिचा पाया उघडा पडला. हाच बोध आज आम्ही नावेच्या दाखल्यानें आपणांपुढें ठेवूं इच्छितों. याकोब व योहान नावेंत बसून जाळीं नीट करीत असतां प्रभूनें त्यांस बोलाविलें. तेव्हां दुरुस्तीचें काम हलकें आहे असें कोणीं समजूं नये.

अमेरिकेंत गोड्या पाण्याचीं सरोवरें पुष्कळ आहेत, व त्यांवर मासे धरणाऱ्यांच्या लहान नावा असतात. त्यांपैकीं पुष्कळांचें आंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें असतें. पाय ठेवावयास त्यावर प्लायवूडच्या फळ्यांची तक्तपोशी करितात, आणि पाय घसरूं नये व उन्हानें भाजूं नये म्हणून त्या फळ्यांवर गालिचा चिकटवितात. नाव नवी असते तोंवर हें सर्व शोभून दिसतें. परंतु पावसाचें पाणी, ओलीं जाळीं, ओले पाय यांची ओल गालिचा धरून ठेवितो. वरची बाजू उन्हानें सुकते, पण खालची ओलीच राहते. तेथून पाणी खिळ्यांच्या भोकांत व फळीच्या कापलेल्या कडांत शिरतें. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर सरसानें एकावर एक चिकटविलेले. ओलीनें ते थर सुटतात, लाकडास बुरशी लागते, आणि फळी आंतून कुजते. लांबून पाहणाऱ्यास गालिचाच दिसतो. नावेंत जो उभा राहतो, त्यास मात्र पायाखालीं फळी दबते हें कळतें.

आतां शहाणा मनुष्य काय करितो? तो जुन्या गालिच्यावर नवा गालिचा अंथरीत नाहीं. तो जुना गालिचा फाडून काढितो, वाळलेला सरस खरवडतो आणि सगळी फळी उघडी करितो. तथापि कुजलेली फळीहि तो लागलीच फेंकून देत नाहीं. ती नव्या लाकडावर ठेवून तिची आकृति आंखून घेतो, कारण नावेच्या वळणाचें माप त्या जुन्या फळीसच ठाऊक असतें. मग तो तळाकडे पाहतो. नाव बुडूं नये म्हणून पुष्कळ नावांत तक्तपोशीखालीं हलका फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षें ओलींत राहिला म्हणजे पाणी पितो व जड होतो, आणि जें नावेस तारण्यासाठीं ठेविलें तेंच तिला ओझें होऊन बसतें. असा फोम काढावाच लागतो. त्यानंतर नव्या फळीच्या दोन्ही बाजू, सर्व कडा आणि खिळ्यांचें प्रत्येक भोक राळेनें बंद करून मगच ती जागीं बसवितात.

येथें आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. लाकूड कुजूं नये म्हणून कांहीं फळ्यांत तांब्याचे क्षार मुरविलेले असतात. घराच्या अंगणांत अशी फळी उत्तम. परंतु ॲल्युमिनियमच्या नावेंत ती बसविली तर ओल लागतांच तें तांबें पत्र्यास खाऊं लागतें. फळी टिकते, पण नावेस भोकें पडतात. तेव्हां उपाय चांगला असला तरी तो त्या नावेस मानवतो कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

बंधूंनो, आमच्या मंडळ्या अशाच नावा आहेत. उपासनामंदिरास नवा रंग दिला, नवी पेटी आणिली, वार्षिक सभेस पाहुणे जमले, म्हणजे सर्व ठीक आहे असें आम्हांस वाटतें. पण शेताच्या बांधावरून दोन घरांचें बोलणें तुटलें असेल, फंडाचा हिशेब कित्येक वर्षें वाचला गेला नसेल, लग्नाच्या पंगतींत पूर्वींच्या जातीप्रमाणें पानें मांडिलीं जात असतील, तर गालिच्याखालीं फळी कुजत आहे. पाहुण्यास तें दिसत नाहीं. ज्या विधवेस पंगतीच्या टोंकास बसवितात, तिला तें दिसतें. फळी तिच्या पायाखालीं दबते. म्हणून वचनसेवकांनो, मंडळीची स्थिति जाणावयाची असेल तर पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांस विचारूं नका. शेवटीं बसणाऱ्यांस विचारा. आणि दोष दिसला तर सर्वांदेखत शब्दांचा मारा करून नावेस भोक पाडूं नका. प्रभूनें मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत घालून दिलेला क्रम पाळा : आधीं एकट्यानें एकांतीं, मग आणखी एकादोघांसह, आणि शेवटीं मंडळीपुढें.

कोणी म्हणेल, इतकी डागडुजी करण्यापेक्षां ही जुनी नाव सोडून द्यावी हें बरें. त्यास गालील समुद्रच उत्तर देतो. १९८६ सालीं अवर्षणामुळें त्याचें पाणी ओसरलें, तेव्हां गिनोसरजवळच्या चिखलांत एक प्राचीन नाव सांपडली. ती सुमारें २००० वर्षांपूर्वींची असून जवळजवळ २७ फूट लांब आहे. ती प्रेषितांचीच होती असें म्हणण्यास पुरावा नाहीं. परंतु तिचीं लाकडें तपासलीं तेव्हां गंधसरू व ओक यांखेरीज वाळुंज, बोरीच्या जातीचें झाड इत्यादि मिळून सुमारें १२ जातींचीं लाकडें तिच्यांत आढळलीं. गरीब कोळ्यांनीं जें लाकूड हातीं आलें त्यानें ती पुनः पुनः दुरुस्त करून पाण्यांत लोटली होती. तीं ठिगळें आज कोणासहि लाजिरवाणीं वाटत नाहींत. तिच्या धन्यांनीं तिला लागलीच टाकिलें नाहीं, याची तींच साक्ष देतात.

म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वीं प्रत्येक मंडळीनें एक फळी उघडी करावी. सर्व एकाच दिवशीं नको. एकच, पण कडेपर्यंत. हिशेब असेल तर तो मोठ्यानें वाचावा. वैर असेल तर आपलें दान वेदीपुढें ठेवून आधीं भावाच्या दारीं जावें, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलेंच आहे. पंगत असेल तर यजमानानें स्वतः उठून शेवटच्या पानावर बसावें. गालिचा काढितांना दुर्गंधि येईल, व ती सोसणें जड वाटेल. पण ती दुर्गंधि गालिचा काढल्यानें उत्पन्न होत नाहीं. ती खालीं होतीच. फळी किनाऱ्यावर उघडी केली तर तेथेंच सुतार मिळतो. भर पाण्यांत ती मोडली तर हातीं कांहींच नसतें. आणि आमचा सुतार तर नासरेथांतला आहे. त्यास जुनें लाकूड हातीं धरण्याची किळस नाहीं. आमेन.